रेमेदियोसचं भांडं

मिल्टन कीन्स,
मंगळवार. बाहेर पाऊस नाही, पण आहे असंच समजावं.

ती. वन्सं यांना,

सीमाचा वाकून नमस्कार (गुडघ्यानं परवानगी दिली तेवढा वाकून, उरलेला मनानं). या पार्सलात पत्राबरोबर तुमचा स्टीलचा डबा आहे. तो आधी उघडू नये. पत्र आधी वाचावं, डबा नंतर. तुम्ही उलट करणार हे मला माहीत आहे, म्हणून झाकणाला मी चिकटपट्टीचे चार वेढे घातले आहेत.

तुमचं पाऊल आता कितपत टेकतं? फिजिओनं सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नाही, हे मला कमलाकररावांकडून कळलं. त्यांना रागावू नये. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, आणि मी विचारल्यावर लोक सांगतात. मोतीबिंदू काढल्यावर त्यांना सगळं स्वच्छ दिसू लागलं हे ऐकून आनंद झाला. (घरातली जळमटंही दिसू लागली असतील, तर झाडू त्यांच्याच हातात द्यावा.)

फोन सोडून पत्र का, याचं कारण सरळ आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. ही तक्रार नव्हे. तुम्ही थोरल्या, तो तुमचा हक्क. पण ‘हॅलो’नंतर माझी पाळी येते ती थेट ‘बरं, ठेवते गं’ म्हणायच्या वेळी. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लावून, चहा घेऊन शेवटपर्यंत वाचावं.

आधी मुद्दा. तुम्ही जिंकलात. गेल्या आठवड्यातला तुमचा फोन लागू पडला. तुमचे बंधू फोन ठेवून उठले, गॅरेजमध्ये गेले, दुपारभर सायकलच्या साखळीला तेल घालत बसले (सायकल ते वर्षभर चालवत नाहीत), आणि मग घराच्या एजंटला फोन करून म्हणाले, की घर विकायचं नाही, दारातली पाटी काढून न्या. शुक्रवारी माणूस येऊन पाटी उपटणार आहे. स्पेनला भूमध्य समुद्राकाठी म्हातारपण काढायचा बेत संपला. त्यांना असं झाडा, म्हणून तुम्हाला मीच सांगितलं होतं. जानेवारीत, तुमच्याच स्वयंपाकघरात, मटार सोलता सोलता. तुम्ही काम चोख केलंत. उशिरा केलंत, पण चोख केलंत. (कमलाकररावांच्या ऑपरेशनमुळे राहून गेलं हे मी समजू शकते. पण उशीर झाला याला महत्त्व आहे. ते पुढे येईल.)

हे खूळ आलं कुठून, ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. तुमच्या भावानं उभी नोकरी रेल्वेची वेळापत्रकं बसवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर बसवायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी घर बसवायला घेतलं. डिशवॉशर कधी, कपडे कधी, मी चहा कधी प्यायचा. ते मी आठवडाभर चालू दिलं आणि मग बंद केलं. मग ते दुपारी टीव्ही बघू लागले. त्यात एक कार्यक्रम लागतो. दोन पिकलेली माणसं एका पांढऱ्या घराच्या गच्चीवर उभी राहतात, समुद्राकडे बघून ‘ओह’ म्हणतात, आणि कार्यक्रम संपतो. पुढे त्या दोघांचं काय होतं हे कधीच दाखवत नाहीत. तुमच्या भावाला वाटलं, काही होत नसेल, म्हणून दाखवत नाहीत. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला असा निष्कर्ष मान्य होणं शक्य नव्हतं.

पण तनिषानंही त्यांचीच बाजू घेतली. मँचेस्टरहून फोनवर म्हणाली, “आई, यू आर सो स्ट्रिक्ट! बाबाला जाऊ दे ना. इट्स लाइक अ गॅप इयर. मी येईल भेटायला.” (‘येईन’ म्हणावं, हे मी तिला ती चार वर्षांची असल्यापासून सांगते आहे. हॉस्पिटलमध्ये ती मोठमोठ्या सर्जनांना दटावते, पण एक क्रियापद तिच्याच्यानं सरळ होत नाही.) शेवटी तडजोड झाली. आपल्या ब्रिटिश पासपोर्टावर तिथे आता सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. कायमचं राहायचं तर वेगळा व्हिसा. तेव्हा तीन महिने भाड्यानं राहून बघायचं, परत येऊन ठरवायचं. दारात पाटी मात्र त्यांनी आधीच लावून घेतली, कारण म्हणे वसंतात घरं बरी विकतात. पाटी बघितली आणि मी तडक तुमच्याकडे येऊन मटार सोलायला बसले.

तुमचे बंधू हाफपँटा भरत होते. मी कुकर, सोऱ्या, पोळपाट-लाटणं, तूरडाळ आणि तुम्ही दिलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा भरला. गावाचं नाव वाल्देमारा. टेकडीच्या उतारावर पांढरी घरं, खाली समुद्र, मध्ये एक चर्च आणि एकच सरळ रस्ता. एक राउंडअबाउट नाही! मिल्टन कीन्समध्ये इतकी वर्षं गोल गोल फिरल्यावर मला पहिल्या दिवशी सरळ चालताना चक्कर आल्यासारखं झालं. चित्रातल्यासारखं गाव आहे हे मी कबूल करते. पण चित्राला आतून थंडी वाजत नाही. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, वन्सं. खाली संगमरवरी फरशी, भिंतीत हीटिंग नाही, आणि फेब्रुवारी. बाहेर ऊन, आत शीतकपाट. पहिल्या संध्याकाळी तुमचे बंधू हाफपँट, त्यावर माझी शाल, पायात दोन दोन मोजे असे गच्चीवर उभे राहिले, समुद्राकडे बघितलं आणि ‘ओह’ म्हणाले. मी म्हटलं, “झाला कार्यक्रम? आता आत येऊन गरम पाण्याची पिशवी भरा.”

दुसरा घाव बसनं घातला. गावातून मोठ्या बाजाराला जायला बस आहे. खांबावर वेळ लिहिलेली आहे. बस त्या वेळेला येत नाही. ती तिची येते. तुमचे बंधू पहिले काही दिवस थांब्यावर हातात घड्याळ घेऊन उभे. मग त्यांनी उशिराचा तक्ता केला. मग त्यांनी तो तक्ता ड्रायव्हरला दाखवला. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं तो कौतुकानं बघितला, गाडी तशीच उभी ठेवून प्रवाशांनाही दाखवला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि त्यामुळे बस आणखी उशिरा सुटली. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवताना नुसता भात चिवडत बसले. मी शेंगदाण्याची चटणी जास्त वाढली.

आता मूळ प्रकरण. आणि इथे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे, की पुढे जे काही झालं त्या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात.

आमच्या समोरच्या दारात रेमेदियोस नावाची बाई राहते. तुमच्यापेक्षा थोडी लहान, माझ्यापेक्षा मोठी. नवरा वारलेला, मुलगे माद्रिदला. बाई शिस्तीची. रोज सकाळी दारापुढची फरशी पाणी टाकून धुते आणि मग कमरेवर हात ठेवून गल्लीतल्या बाकीच्या फरश्यांकडे बघते. पहिल्या दिवशी तिनं आमच्या फरशीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याआधी उठून आमची धुतली. तिनं मान हलवली. ओळख झाली ती अशी.

त्याच संध्याकाळी ती दारात आली. हातात मातीचं पसरट भांडं, चॉकलेटी रंगाचं, आतून चकचकीत, दोन्ही बाजूंना कान, आणि आत वाफाळती मसुराची आमटी. थंडीनं गारठलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं? तुमच्या भावानं दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाले, “यातली गाजरं फार चविष्ट आहेत.” मी चमच्यानं एक गाजर उलटं केलं. मी म्हटलं, “अहो, ही गाजरं नव्हेत.” ते म्हणाले, “आता अर्धं झालंच आहे,” आणि उरलेलं संपवलं. (श्रावणसुद्धा तुमचा भाऊ असाच पाळतो. कधी लागला हे त्याला आठवत नाही.) मी मात्र लाडू खाऊन झोपले.

सकाळी भांडं घासून पुसून ओट्यावर ठेवलं, आणि समोर प्रश्न उभा राहिला. मी लग्न होऊन हाउन्सलोला तुमच्या घरी उतरले तेव्हा तुम्ही मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. एक, बॉयलर कसा चालू करायचा. दोन, कुणाचंही भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. बॉयलर बदलले, नियम राहिला. मी शिरा केला, भरपूर तूप आणि केळं घालून, वर काजू, आणि भांडं भरून समोर नेऊन दिलं. रेमेदियोसनं बोटानं चाटून पाहिलं, दोन पावलं मागे सरली, आणि गल्लीकडे तोंड करून असं काही ओरडली की वरच्या तीन खिडक्या उघडल्या. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तेच भांडं परत दारात. भरलेलं. आत पालक आणि काबुली चणे. बाईनं डोक्याशी दोन हात धरून डुकराचे कान करून दाखवले आणि मग बोट हलवून ‘नाही, नाही’ केलं. म्हणजे मी मांस खात नाही हे तिनं ओळखलं होतं! मी काही बोलले नव्हते. तिनं शिऱ्यावरून ओळखलं. इथे आपल्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात मी दर वर्षी सांगते, तरी माझ्या ताटात चिकन येतं. असो. तर भांडं भरून आलं, म्हणजे ते भरून देणं आलं. मी कांदाभजी दिली. तिनं दुधात शिजवलेला भात दिला, वर दालचिनी. मी म्हटलं, बाई, ही तर खीर. आणि तुलना व्हावी म्हणून आपली शेवयांची खीर दिली. तुलना तिला आवडली नसावी, कारण दुसऱ्याच दिवशी तिनं बटाट्याचं एक जाड थालीपीठासारखं प्रकरण पाठवलं. ते उत्तम होतं, हे मी फक्त तुम्हाला सांगते आहे. मी बटाटेवड्यांनी उत्तर दिलं. वन्सं, दोष कुणाचा नव्हता. त्या बाईला तिच्या सासूनं तेच शिकवलं होतं जे मला तुम्ही शिकवलंत. दोन शिस्तीच्या बायका समोरासमोर राहिल्या आणि दोघींनाही भांडं रिकामं देता येत नसेल, तर ते भांडं थांबणार कसं?

आमची बोलण्याची भाषा विचाराल, तर मी मराठीत बोलते आणि ती स्पॅनिशमध्ये. सगळं समजतं. तुमचे बंधू फोनवरच्या ॲपवरून स्पॅनिश शिकत होते, पण ॲपनं त्यांना ‘माझ्या मावशीचं कासव निळं आहे’ यापुढे नेलं नाही, आणि मावशीचा विषय गल्लीत कुणी काढला नाही. माझ्या कुकरच्या शिट्टीला पहिल्या दिवशी दोन घरं बाहेर आली. पुढे तिचा असा जम बसला, की शिट्टी झाली की गल्लीतला न्हावी दुकान बंद करून जेवायला जाई. तुमचे बंधू म्हणाले, या गावात वेळेवर होणारी ही एकच गोष्ट आहे. त्यांच्या तोंडून हे माझं आजवरचं सर्वांत मोठं कौतुक.

पण डाळ संपत आली, माझे खांदे भरून आले, आणि तुमच्या भावातला इंजिनीअर जागा झाला. त्यांनी मला कागदावर दोन घरं आणि मध्ये बाण काढून दाखवले. “अगं, हे इन्फिनिट लूप आहे. कुणीतरी एका टोकाला थांबवल्याशिवाय हे थांबणार नाही.” मी म्हटलं, “मग तुम्ही जेवायचं थांबा.” त्यांनी कागदाची घडी घातली. ते वाद सोडून देतात तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेल्याचं बघून त्यांनी ते भांडं स्वच्छ धुतलं, पुसलं, आणि समोरच्या पायरीवर ठेवून दिलं. रिकामं.

मी घरी येऊन भाजी निवडत होते. दारावर थापा. उघडते तो रेमेदियोस, तिच्यामागे औषधांच्या दुकानातली बाई, आणखी दोघी. एकीच्या हातात गरम सूपचं पातेलं, एकीच्या हातात थर्मामीटर. त्यांचा हिशेब साधा होता. या घरातून भांडं रिकामं आलं, म्हणजे घरातली बाई आडवी पडली. मी आडवी नव्हते, उभी होते, हातात सुरी होती, आणि चांगल्या खणखणीत मराठीत सांगत होते, की मला काहीही झालेलं नाही. तो माझा आवाज त्यांना तापातला वाटला. एकीनं सुरी काढून घेतली, एकीनं नाडी धरली, रेमेदियोसनं मला दंडाला धरून पलंगावर निजवलं आणि खिडक्यांच्या झडपा लावल्या. तुमचे बंधू दारात येऊन सांगू लागले, की चूक त्यांची आहे. स्पॅनिशमध्ये सांगू लागले. त्यात कासव आलं. त्यांना कुणीतरी कांदे सोलायला बसवलं.

आणि वन्सं, मी झोपले. दुपारी! तुम्ही मला ओळखता. दुपारी झोपणाऱ्या माणसांबद्दल माझी मतं सगळ्या घराला पाठ आहेत. बाळंतपणातसुद्धा मी दुपारी उठून वह्या तपासल्या आहेत. पण झडपा लावलेल्या, खाली समुद्र, स्वयंपाकघरात चार बायका दबक्या आवाजात एकमेकींना दटावत होत्या, आणि कुणालाही माझ्याकडून काही नको होतं. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कुकर घासलेला होता, आणि गॅस्केट बरोबर बसवलेलं होतं (हे तुमच्या भावाला अजून जमत नाही). उशाशी खुर्चीवर रेमेदियोस तुमच्या भावाचा मोजा रफू करत बसली होती. माझे डोळे उघडल्यावर तिनं चष्म्यावरून बघितलं, काहीतरी रागाचं बोलली, आणि पुन्हा मोजा रफू करायला लागली. माझ्या उशाशी असं कुणी बसलं, त्याला बरीच वर्षं झाली. माझा हात मोडला होता तेव्हा तुम्ही हाउन्सलोहून बस बदलत आला होतात आणि खुर्ची ओढून बसला होतात. तेव्हा तुम्हीही रागावूनच बोलत होतात.

मिल्टन कीन्सच्या शेजाऱ्यांविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. शेजारचे ब्रायन अतिशय सज्जन. आम्ही तीन महिन्यांनी परतलो, टॅक्सीतून उतरलो, तर कुंपणावरून म्हणाले, “कचऱ्याचा बिन या आठवड्यात गुरुवारऐवजी शुक्रवारी.” प्रेमानंच म्हणाले. इतक्या वर्षांत आमचं दोघांचं बोलणं बिनच्या पलीकडे गेलेलं नाही, त्यामुळे वादही कधी झालेला नाही.

मला ते गाव आवडलं असा मात्र गैरसमज करून घेऊ नये. तिथे दुपारी काहीही मिळत नाही. कोथिंबीर मिळत नाही. (म्हणजे मिळत नव्हती. न्हाव्याच्या बायकोनं कुंडीत लावली.) रात्रीचं जेवण ते लोक आपल्या झोपेच्या वेळी सुरू करतात. तुमच्या भावाला चौकातल्या म्हाताऱ्यांनी डॉमिनोजच्या डावात घेतलं. हे दर सोंगटीला संभाव्यता काढत बसायचे, आणि तोवर तीन डाव हरलेले असायचे. आणि तरी रोज संध्याकाळी केस विंचरून जायचे! एकदा मी वरून बघितलं, तर एक दात नसलेला म्हातारा त्यांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणत होता आणि हे खदखदून हसत होते. ते हसणं मी शेवटचं कधी ऐकलं हे मला आठवेना. दुसऱ्या दिवशी बस खूप उशिरा आली, आणि त्यांनी घड्याळ बघितलं नाही. मला वाटलं, यांना आता खरंच ताप आला.

आणि परत आल्यावर, गेल्या आठवड्यात, तुमचा फोन. मी शेजारीच होते, तुमचा आवाज फोनबाहेर येतोच. “ज्ञानू, जा हो, सुखानं जा. मी गेले की विमानानं ये म्हणजे झालं. येताना फुलं तिकडचीच आण, स्वस्त पडतील.” वाक्य चांगलं होतं. नेमकं लागलं. त्यांनी मला नंतर कारणं सांगितली: बस, थंडी, डॉमिनोज. मी ती ऐकून घेतली. पण वन्सं, सांगलीहून हा माणूस आला तो तुमच्या घरातल्या त्या लहान खोलीत, जिथे पलंग टाकला की दार लागत नसे. लग्न झालं तेव्हा आम्ही तुमच्या गल्लीत घर घेतलं, नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा दर रविवारी तुमच्याकडे. एका मोटरवेपेक्षा लांब तो तुमच्यापासून कधी राहिलेला नाही. आई गेल्यावर तुम्ही त्याला वाढवलंत. त्याला बस अडवत नाही. तुम्ही अडवता.

असो. सारांश, सगळं तुमच्या आणि माझ्या मनासारखं झालं आहे. शुक्रवारी पाटी जाईल. आम्ही इथेच राहू. ते डिशवॉशर लावतील, मी काढीन. कमलाकररावांना नमस्कार, आणि व्यायाम करावेत.

तुमचं कडक बोलणं ज्या एकीला कधीच लागत नाही, ती
सीमा

ता. क. तुमच्याकडे जुना कुकर पडून असेल तर सध्यापुरता द्यावा. माझा वाल्देमाराला आहे. सोऱ्या आणि पोळपाटही. विसरले नाही. रेमेदियोसकडे ठेवून आले आहे.

दुसरा ता. क. आणि तिचं भांडं माझ्याकडे आहे. आम्ही निघालो, टॅक्सी दारात, तेव्हा बाई भांडं घेऊन आली, काठोकाठ भरलेलं, आणि माझ्या मांडीवर ठेवून, मागे न बघता, दार लावून घेतलं. विमानात मी ते हातात धरून आणलं. आता ते इथे ओट्यावर आहे, घासलेलं, रिकामं. पोस्टानं पाठवलं तर फुटेल, आणि रिकामं पाठवलं तर त्या चौघी थर्मामीटर घेऊन मिल्टन कीन्सला येतील. हा नियम तुमचा आहे. यातून वाटही तुम्हीच काढायला हवी.

तिसरा ता. क. तेव्हा शुक्रवारच्या आत तुमच्या भावाला फोन करावा आणि तुम्ही जे बोललात ते परत घ्यावं. (जानेवारीतच बोलला असतात, तर आम्ही गेलोच नसतो आणि ही वेळ आली नसती.) कसं, ते तुम्ही ठरवा. रागावूनच घ्या, म्हणजे त्यांना खरं वाटेल. माझं नाव यात कुठेही येऊ नये. जानेवारीत त्या पाटीवरून मी त्यांच्याशी जे भांडले, त्यानंतर “मला जायचं आहे” हे मी माझ्या तोंडानं म्हटलं, तर तो माणूस उरलेलं आयुष्य गच्चीवर उभा राहून माझ्याकडे बघून ‘ओह’ म्हणेल. ते मी सहन करणार नाही.

चौथा ता. क. तुमची भीती मला कळते. पण रविवारी तुमच्याकडे येताना एम-ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर आम्ही जेवढा वेळ अडकून बसतो, तेवढ्यात विमान अर्ध्या वाटेवर पोचतं. तुमच्या घरावरून जाणाऱ्या ज्या विमानांच्या आवाजानं तुमचं बोलणं फोनवर मध्येच थांबतं (तेवढीच मला संधी), त्यातल्याच एकात बसायचं. तिथल्या घराला खाली एक खोली आहे, पायऱ्या नाहीत, सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. तुमच्या पायाला बरं. मी ती खोली कुणालाही दिली नाही. तुमच्या भावानं तिथे भाड्याची सायकल ठेवू का विचारलं, तेव्हाही नाही म्हटलं. रेमेदियोसला मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं आहे. मराठीत. तिनं दुसऱ्याच दिवशी त्या खोलीची फरशी धुतली. तुम्ही दोघी एकमेकींना अजिबात ऐकून घेणार नाही आणि तुमचं उत्तम जमेल.

शेवटचा ता. क. आता डबा उघडावा. आतले बदामाचे लाडू त्या शेवटच्या भांड्यातले आहेत. कमलाकररावांना दोनच द्यावेत. डबा परत पाठवताना काय करायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण चिवडा नको, लाडू नकोत. तुमचा आणि कमलाकररावांचा, दोन पासपोर्ट त्यात घडी न घालता मावतात. मी आमचे घालून बघितले आहेत.